कसं ठरवायचं, हे कसं ठरवायचं?

पत्र:

नमस्कार ताई,

वय ३६. एका मोठ्या कंपनीत ११ वर्षं हिशेब विभागात आहे. आता एका लहान संस्थेकडून बोलावणं आलंय. काम अगदी मनासारखं, पगार मात्र कमी. महिनाअखेरीस हो की नाही ते कळवायचं आहे. मी रीतसर तक्ता केला: १४ निकष, प्रत्येकाला भारांक, दोन्ही नोकऱ्यांना दहापैकी गुण आणि खाली बेरीज. पहिल्यांदा जुनी नोकरी पुढे आली. भारांक थोडे बदलले तर नवी आली. पुन्हा बदलले, पुन्हा जुनी. धाकटी बहीण हसते. तिचं म्हणणं, मनात पहिलं येतं तेच खरं. आणि तिचं बहुतेक वेळा बरोबर निघतं. साहेब म्हणतात, आकडे खोटं बोलत नाहीत. मैत्रीण म्हणते, दहा जणांना विचार. गंमत म्हणजे राहतं घर मी एका फेरीत पसंत केलं आणि कधी पस्तावले नाही (त्याआधी भाड्याची सहा घरं बदलली होती). साधा फोन घ्यायला मात्र तीन आठवडे घालवले. मग माझी पद्धत नेमकी कुठली? आणि शास्त्रीयदृष्ट्या बरोबर कुठली?

आईचा खर्च माझ्याकडे आहे, हे सांगायचं राहिलं.

— तक्तेवाली

उत्तर:

प्रिय तक्तेवाली,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात वजनदार वाक्य शेवटी आलंय, तेही ‘सांगायचं राहिलं’ म्हणत. त्याच्याकडे येतेच. पण तुम्ही विचारलंय ते आधी, कारण ‘कुठली नोकरी घेऊ’ असं न विचारता ‘कुठल्या पद्धतीनं ठरवू’ असं विचारणारी पत्रं फार येत नाहीत.

शास्त्रीयदृष्ट्या बरोबर अशी एकच पद्धत नाही. हे टोलवाटोलवीचं उत्तर वाटेल, पण ते बऱ्याच संशोधनानंतर आलेलं आहे. माणूस सगळे पर्याय समोर मांडतो, प्रत्येकाचे परिणाम मोजतो आणि सर्वांत चांगला निवडतो, असं एकेकाळी अर्थशास्त्र धरून चालायचं. १९५० च्या दशकात हर्बर्ट सायमन यांनी म्हटलं की असं कोणी करत नाही आणि कोणाला करताही येणार नाही. वेळ, माहिती आणि डोक्याची ताकद, तिन्ही अपुरी. म्हणून माणूस मनाशी एक पातळी ठरवतो आणि ती गाठणारा पहिला पर्याय मिळाला की शोध थांबवतो. आळशी किंवा अर्धवट माणसं असं करतात, असं त्यांना म्हणायचं नव्हतं. मर्यादा असतील तर हेच शहाणपणाचं, असं त्यांचं म्हणणं होतं. निर्णयप्रक्रियेवरच्या कामासाठी १९७८ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण सायमन यांनी सांगितलेली ती एक पद्धत झाली. माणसाकडे पद्धती अनेक असतात आणि तो त्या बदलत राहतो, हे पुढच्या पिढीनं दाखवलं. जॉन पेन, जेम्स बेटमन आणि एरिक जॉन्सन या तिघांनी १९८० च्या दशकात केलेले प्रयोग तुम्हाला आवडतील, कारण ते तक्त्यांचेच आहेत. संगणकाच्या पडद्यावर पर्याय आणि निकष यांचा तक्ता, पण प्रत्येक चौकट झाकलेली. माउस न्यावा तेव्हा ती उघडते, काढला की बंद. माणसानं कुठली चौकट कधी उघडली, किती वेळ पाहिली, हे सगळं नोंदलं जातं. म्हणजे तो कसा विचार करतोय हे त्याला विचारावं लागत नाही, त्याचा हातच सांगतो.

या प्रयोगांत दिसलं ते असं. पर्याय थोडे आणि वेळ भरपूर असेल तर माणूस एकेक पर्याय पूर्ण वाचतो आणि त्याच्या बऱ्यावाईटाची बेरीज करतो. वेळ कमी पडायला लागला की आधी तो नुसता भराभर वाचतो. तेवढ्यानं भागलं नाही तर बिनमहत्त्वाच्या चौकटी सोडून देतो. तरीही पुरलं नाही तर पद्धतच बदलतो: सगळ्यात महत्त्वाचा निकष धरायचा आणि त्यात न बसणारे पर्याय एका दमात बाजूला काढायचे. या चाळणीच्या पद्धतीचं वर्णन एमॉस ट्वर्स्की यांनी १९७२ मध्येच करून ठेवलं होतं. पेन आणि मंडळींनी संगणकावर हिशेब करून दाखवलं की घड्याळ डोक्यावर असताना ही ओबडधोबड चाळणी सविस्तर बेरजेपेक्षा सरस ठरू शकते. कारण साधं आहे, बेरीज पूर्ण होतच नाही. अर्धवट राहिलेली उत्तम पद्धत पूर्ण झालेल्या साध्या पद्धतीपुढे हरते. तुमच्याकडे महिनाअखेरपर्यंतच वेळ आहे, म्हणून हे सांगितलं.

तेव्हा ‘माझी पद्धत कुठली’ याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे: तुमची एक पद्धत नाहीच. घर पाहताना तुम्ही वेगळ्या होता, फोन घेताना वेगळ्या, नोकरीच्या बाबतीत आणखी वेगळ्या. ‘मी मुळात आकडेवाली’ किंवा ‘मी मुळात मनाचं ऐकणारी’ अशी पाटी गळ्यात अडकवायची काही गरज नाही. कुठल्या वेळी कुठली पद्धत तुमच्या हातात येते आणि ती त्या वेळेला शोभते का, एवढंच बघायचं.

ती हातात येते कशी, हाही प्रश्न आहेच. पद्धत निवडायला जर विचार करावा लागत असेल, तर तो विचार कुठल्या पद्धतीनं करायचा? आणि ती पद्धत कशी निवडायची? या जिन्याला शेवटची पायरी नाही. यावर मला पटलेलं उत्तर यॉर्ग रीस्कँप आणि फिलिप ओटो यांचं आहे (२००६). त्यांनी लोकांना दोन-दोन कंपन्या दाखवून कर्ज फेडण्याच्या दृष्टीनं कोणती जास्त भरवशाची, हे पुन्हा पुन्हा विचारलं आणि प्रत्येक वेळी बरोबर-चूक सांगितलं. लोक हळूहळू त्या परिस्थितीत जी पद्धत फळते तिच्याकडे वळले. कोणी बसून तौलनिक अभ्यास केला नाही. जिनं यश दिलं ती पद्धत पुढच्या वेळी आधी सुचली, इतकंच. आपल्या बहुतेक पद्धती अशाच आलेल्या असतात, निवडून नव्हे तर अंगवळणी पडून.

यातली मेख अशी की अंगवळणी पडलेलं लवकर सुटत नाही. आर्न्ट ब्रोडर आणि स्टेफानी शिफर यांनी त्याच वर्षी दाखवलं की एका परिस्थितीत लोक योग्य पद्धत छान शिकतात, पण मग परिस्थिती गुपचूप बदलली तर जुनीच चालवत राहतात, नुकसान होत असलं तरी. तुम्ही ११ वर्षं हिशेब विभागात आहात. तिथे तक्ता म्हणजे बक्षीस. बेरीज जुळली की शाबासकी, नाही जुळली तर चूक शोधायची आणि ती कुठल्या तरी ओळीत सापडतेच. मग घरचा प्रश्न आल्यावर हात तक्त्याकडे गेला यात नवल काय? पण या तक्त्यात चुकलेली ओळ नाहीये, हे तुमच्या हाताला अजून कळलेलं नाही.

आता बहिणीकडे वळू. ‘मनात पहिलं येतं तेच खरं’ या म्हणण्याला आधार आहे, पण अटींसह. गॅरी क्लाइन यांनी अग्निशमन दलाच्या अनुभवी प्रमुखांचा अभ्यास केला. जळत्या इमारतीसमोर हे लोक दोन पर्यायांची तुलना करतच नव्हते. परिस्थिती ओळखीची वाटायची, एक कृती सुचायची, ती मनातल्या मनात चालवून बघायची आणि जमेल असं वाटलं तर करायची. क्लाइन अंतर्ज्ञानाचे भोक्ते, तर डॅनिएल कानमन त्याचे सगळ्यात नावाजलेले टीकाकार. दोघांनी काही वर्षं एकत्र बसून २००९ मध्ये एक लेख लिहिला आणि त्यात त्यांचं बऱ्यापैकी एकमत झालं. आतल्या आवाजावर विसंबायला दोन गोष्टी लागतात. एक, त्या क्षेत्राला काही नियमितपणा हवा. दोन, तो नियमितपणा शिकायला पुरेशी संधी मिळालेली हवी, म्हणजे निर्णय घेतला, निकाल कळला, पुन्हा घेतला, पुन्हा कळला. आतला आवाज किती ठाम आहे याला त्यांच्या लेखी किंमत नाही. ठामपणा अनुभव नसतानाही येतो.

या कसोटीवर तुमचं घर बसतं. सहा घरांत राहिलेल्या बाईला सातव्या घराच्या दारातच बरंच काही कळतं: उजेड, आवाज, पाण्याचा जोर, शेजार. कशामुळे पुढे त्रास होतो हे तुम्ही अंगावर काढून शिकला होता. तो एका फेरीतला निर्णय घाईचा नव्हता, त्याची तयारी आधीच्या सहा घरांत झाली होती. नोकरी बदलण्याचं तसं नाही. ११ वर्षांत तुम्ही ती एकदाही बदललेली नाही. तेव्हा या बाबतीत तुमच्या मनात पहिलं जे येईल ते अनुभवाचं बोलणं नसेल. भीती असेल किंवा हौस असेल. दोन्ही ऐकाव्यात, पण त्यांच्या हातात शिक्का देऊ नये. बहिणीचं ‘बहुतेक वेळा बरोबर’ निघतं, त्यात ती कशाबद्दल बोलते आणि न जमलेल्या वेळा कोण मोजतं, हे मला माहीत नाही. भांडण लावायचं नाही, म्हणून इथेच थांबते.

साहेबांचे आकडे. तक्त्याची पद्धत फार जुनी आणि सन्माननीय आहे. १७७२ मध्ये जोसेफ प्रिस्टली यांना जवळपास तुमच्यासारखाच पेच पडला होता: लॉर्ड शेलबर्न यांनी देऊ केलेली नोकरी घ्यावी की नाही. त्यांनी बेंजामिन फ्रँकलिन यांना सल्ला विचारला. फ्रँकलिन यांनी उत्तरात कळवलं की पुरेशी माहिती नसल्यामुळे काय ठरवावं हे मी सांगू शकत नाही, पण कसं ठरवावं हे सांगतो. (सल्ला देणाऱ्या सगळ्यांनी हे पत्र भिंतीवर लावावं.) कागदाच्या मधोमध रेघ, एका बाजूला अनुकूल मुद्दे, दुसऱ्या बाजूला प्रतिकूल. तीन-चार दिवसांत जसजसे सुचतील तसतसे लिहायचे. मग दोन्ही बाजूंचे सारख्या वजनाचे मुद्दे एकमेकांसमोर खोडत जायचं. कुठे एका बाजूचा एक मुद्दा दुसरीकडच्या दोघांइतका भरला तर तिन्ही खोडायचे. उरेल ते पाहायचं आणि एक-दोन दिवस नवं काही सुचलं नाही तर ठरवून मोकळं व्हायचं. प्रिस्टली यांनी नोकरी घेतली आणि त्या नोकरीत असतानाच, १७७४ मध्ये, ऑक्सिजन वेगळा काढला. तो रेघ मारलेल्या कागदाचा प्रताप नव्हे, पण नोकरी वाईट नव्हती एवढं खरं.

तुमच्या आणि फ्रँकलिन यांच्या रीतीतला फरक पाहा. ते खोडत जातात, म्हणजे कागद रिकामा होत जातो. तुम्ही भारांक बदलत जाता आणि कागद तेवढाच भरलेला राहतो. भारांकांच्या अचूकपणाचं फारसं मनावर घेऊ नका. रॉबिन डॉज यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका गाजलेल्या लेखात दाखवलं की अंदाज बांधायचा असेल तेव्हा निकष नीट निवडले आणि कुठला वाढलेला चांगला, कुठला घटलेला चांगला एवढं कळत असलं, तर भारांक अंदाजे किंवा सगळ्यांना सारखे दिले तरी निकाल फारसा बिघडत नाही. गेर्ड गिगेरेंझर आणि डॅनिएल गोल्डस्टाइन १९९६ मध्ये आणखी पुढे गेले. दोन जर्मन शहरांपैकी मोठं कुठलं, अशा प्रश्नांत सगळ्यात भरवशाची एक खूण पाहायची, तिनं फरक दाखवला की तिथेच थांबायचं आणि बाकी माहिती बघायचीच नाही, ही रीत सगळ्या माहितीची बेरीज करणाऱ्या रीतींच्या तोडीस तोड ठरली. आणि गुंतवणूक कशी विभागावी याचं गणित मांडून १९९० मध्ये नोबेल मिळवणारे हॅरी मार्कोविट्झ? स्वतःच्या निवृत्तीची पुंजी त्यांनी अर्धी शेअरमध्ये, अर्धी रोख्यांत टाकली होती, म्हणजे पुढे हळहळ नको. स्वतःचं सूत्र त्यांनी वापरलं नाही.

मग भारांक थोडे हलवले की तुमचं उत्तर उलटतं, याचा अर्थ काय? पद्धत चुकीची आहे असा नव्हे. एकतर दोन्ही नोकऱ्या एकुणात जवळपास सारख्या आहेत आणि आणखी गणितानं काही हाती लागणार नाही. नाहीतर दोन जड निकष एकमेकांविरुद्ध उभे आहेत आणि बाकीचे १२ नुसते गर्दी करतायत. तुमचं पत्र वाचून मला दुसरं खरं वाटतं.

इथे आईचा खर्च येतो. तुमच्या तक्त्यात ‘आई’ अशी ओळ आहे का? माझा अंदाज, नाही. ‘पगार’ नावाच्या ओळीखाली ती दडली असणार, आणि त्या ओळीला इतर १३ ओळींसारखेच दहापैकी गुण दिले असणार, मग जाण्यायेण्याचा वेळ असो की बसायची जागा. मेरी फ्रान्सिस लूस यांनी बेटमन आणि पेन यांच्याबरोबर १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेलं एक काम मला तुमच्यासाठी बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं. निवड भावनिकदृष्ट्या अवघड झाली की माणूस काय करतो? कमी विचार करतो, असं आपल्याला वाटेल. उलट तो जास्त माहिती पाहतो, जास्त वेळ घालवतो. पण पाहण्याची रीत अशी ठेवतो की ‘हे हवं असेल तर ते सोडावं लागेल’ हा जाचक सामना समोरासमोर व्हायला नको. निकष एकेक करून पाहत राहतो, पर्याय म्हणून कशालाच भिडत नाही. पुढच्या वर्षी लूस यांनी हेही दाखवलं की अशा वेळी लोकांचा कल आहे ते चालू ठेवण्याकडे किंवा आणखी शोधत राहण्याकडे झुकतो, कारण त्यात ठरवल्यासारखं होत नाही.

म्हणजे मेहनत भरपूर करायची आणि मूळ मुद्द्याला हात लावायचा नाही, दोन्ही एकाच वेळी जमतं. १४ निकषांचा तक्ता हे त्याला फार सोयीचं साधन आहे. तुम्ही कामचुकार नाही, हे दिसतंच आहे. पण मनासारखं काम आणि आईची सोय यांची तुलना करणंच तुम्हाला पापासारखं वाटत असेल, तर कुठलीही पद्धत तुम्हाला उत्तर देणार नाही. तुम्ही ते दरवेळी पुन्हा तपासायला घ्याल.

तेव्हा या निर्णयासाठी मी पद्धत बदलेन. तुलना करायचीच नाही. आधी सायमन यांची पातळी आखा. आईचा खर्च, घराचा खर्च आणि अडीअडचणीला लागेल ते धरून दरमहा किमान किती हवं, तो आकडा काढा. हे तुमचं रोजचं काम आहे, एका संध्याकाळी होईल. फक्त हा आकडा काढताना नवा पगार डोळ्यांसमोर ठेवू नका, नाहीतर आकडा आपोआप त्याच्या खाली किंवा वर बसेल. मन हवं तिकडे पेन्सिल वळवतं. नवा पगार या आकड्याच्या खाली असेल तर प्रश्न मिटला: नको म्हणा किंवा पगार वाढवून मागा. वर असेल तर पैशाची ओळ तक्त्यातून कायमची काढा. त्या पातळीच्या वरच्या पैशाला आईचं नाव चिकटवायचं नाही. तो सोयीचा पैसा आहे आणि सोयीची तुलना कामाच्या समाधानाशी करायला कसलाही अपराध नाही.

हे जमलं की उरलेली निवड फार हलकी होते. तिथे मतं नकोत, माहिती हवी. मैत्रिणीच्या सल्ल्यात मला हाच दोष दिसतो. दहा जणांना ‘मी काय करू’ विचारलं तर दहा जण स्वतःबद्दल बोलतील. ऐकावं जनाचं, करावं मनाचं हे खरं, पण जनांना काय विचारावं हे त्या म्हणीत नाही. त्या संस्थेत दोन-तीन वर्षं काम करणारं एखादं माणूस आणि तिथून बाहेर पडलेलं एखादं शोधा. त्यांना सल्ला मागू नका. त्यांचा दिवस कसा जायचा, पगार वेळेवर व्हायचा का, सोडताना काय झालं, हे विचारा. शिवाय तुमच्या हिशेबातल्या अनुभवाच्या जोरावर दोन वर्षांनी परत अशीच नोकरी मिळू शकेल का, याचा अंदाज घ्या. परतीचा रस्ता उघडा असेल तर चुकीची किंमत कमी आणि तेवढा विचारही कमी पुरतो.

मग शेवटचा कौल. इथे बहिणीलाही मान देऊ. १९५५ मध्ये कानमन इस्रायली सैन्यात तरुण अधिकारी होते. भरतीच्या मुलाखती घेणारे उमेदवाराशी गप्पा मारून एकूण मत बनवायचे आणि ते मत फारसं उपयोगाचं ठरत नव्हतं. कानमन यांनी सहा गुण ठरवून दिले: प्रत्येकाबद्दल ठरावीक, वस्तुस्थितीचे प्रश्न विचारायचे आणि त्या गुणाला आकडा देऊन मगच पुढच्या गुणाकडे जायचं. मुलाखत घेणारे चिडले, आम्हाला यंत्र करताय म्हणाले. तेव्हा त्यांनी त्यांना एक सूट दिली: सगळं झाल्यावर डोळे मिटा, या माणसाची सैनिक म्हणून कल्पना करा आणि एक आकडा द्या. पुढे निकाल तपासले तेव्हा सहा आकड्यांची बेरीज जुन्या गप्पांपेक्षा पुष्कळ बरी निघाली. आणि डोळे मिटून दिलेला आकडाही त्या बेरजेइतकाच चांगला निघाला. तेच अंतर्ज्ञान, फक्त क्रम बदलला. तुम्हीही तसंच करा: कामाचं स्वरूप, माणसं, शिकायला मिळणारं, वेळ आणि परतीचा रस्ता. पाचच निकष, दोन्ही नोकऱ्यांना वेगवेगळे आकडे, भारांक नाहीत, बेरीजही नाही. मग डोळे मिटून एक नोकरी.

कोणी म्हणेल, विचार बाजूला ठेवून झोप काढ, मन आपोआप हिशेब करतं. २००६ मध्ये तसं दाखवणारे प्रयोग गाजले होते, पण नंतर मोठ्या प्रमाणावर केलेल्या चाचणीत तो परिणाम दिसला नाही. दोन दिवस मध्ये जाऊ द्या, पण फ्रँकलिन यांच्या कारणासाठी: राहिलेला मुद्दा आठवावा म्हणून. आणि तारीख आजच लिहून ठेवा, महिनाअखेरच्या चार दिवस आधीची.

त्या दिवशीही पारडी समसमान राहिली तर? अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेविट यांनी कात्रीत सापडलेल्या लोकांसाठी संगणकावर नाणं उडवायची सोय केली होती. २०,००० हून अधिक वेळा नाणं उडालं. नोकरी सोडावी का, नातं संपवावं का, असे प्रश्न होते. ज्यांना ‘बदल कर’ असा कौल आला त्यांनी बदल जास्त प्रमाणात केला आणि सहा महिन्यांनी ते सरासरीनं जास्त सुखी निघाले. हे लोक आपणहून आलेले होते, त्यामुळे सगळ्यांना तेच लागू होईल असं नाही. मात्र बराच काळ तळ्यात-मळ्यात करत असणाऱ्यांचा तोल सहसा ‘आहे ते बरं’ याच बाजूला जास्त ढळलेला असतो, एवढा निष्कर्ष मी त्यातून काढते. तुमच्यासारख्यांना बरोबरी झाली तर मी नव्याच्या बाजूनं मत देईन. पण बरोबरी झाली तरच, आणि आईचा आकडा पार झाला असेल तरच.

फोनचं थोडक्यात. तीन आठवडे म्हणजे नाकापेक्षा मोती जड. शीना अय्यंगार आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये नोकरी शोधणाऱ्या विद्यार्थ्यांचा मागोवा घेतला तेव्हा ‘सर्वोत्तमच हवं’ म्हणणाऱ्यांना सुमारे २० टक्के जास्त पगार मिळाला, पण ते आपल्या नोकरीबद्दल कमी समाधानी होते. निदान नोकरीत पगार तरी वाढला. फोनमध्ये तेही नाही. पुढच्या वेळी तीन अटी लिहा आणि त्यात बसणारा पहिला फोन घ्या.

शेवटी एक जपायचं. ठरलं की त्याच दिवशी दोन्हीकडे लेखी कळवा. ‘बघू, महिनाभरात मन बदललं तर’ अशी फट ठेवू नका. डॅनिएल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांच्या २००२ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना स्वतः काढलेल्या फोटोंपैकी एक ठेवायला दिला. नंतर बदलून घ्यायची मुभा ज्यांना होती त्यांना आपला फोटो कमी आवडला, आणि तरीही बहुतेकांना आधी ती मुभाच हवीशी वाटते. दोन वर्षांनी परत फिरता येणं वेगळं, रोज सकाळी तक्ता उघडता येणं वेगळं. हिशेब बंद केल्यावर त्या महिन्याची वही तुम्ही पुन्हा उघडत नाही ना? ही फाइलही तशीच बंद करा, आणि आईला सांगायचं असेल तर बेरीज न दाखवता नुसती नोकरी सांगा.